आर्केड कॅबिनेटमधली घूं: दर वेळी परत येणारा हम कसा शोधायचा

कॅबिनेट चालू केलंय, नाणं अजून टाकलेलं नाही, पडद्यावर नुसतं प्रात्यक्षिक फिरतंय. अशा वेळी स्पीकर शांत हवा. पण खालून एक सलग घूं, म्हणजेच हम, येत राहते. सुरुवातीला ती इतकी बारीक असते की स्पीकरच्या जाळीला कान लावावा लागतो. वीस-पंचवीस मिनिटं गेली, आतलं सगळं तापलं, की ती एवढी चढते की खेळातले हलके आवाज तिच्याखाली दबून जातात.

माझ्याकडच्या कॅबिनेटमध्ये हे दीड वर्षात तीनदा झालं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीचं मशीन, जुना लिनियर पॉवर सप्लाय. पहिल्यांदा मी मोठा फिल्टर कंडेन्सर, म्हणजे पुरवठ्यातली लहर सपाट करणारा भाग, बदलला. घूं गेली, अडीच-तीन महिन्यांनी परत आली. नवा कंडेन्सरच कच्चा निघाला असं समजून आणखी एक बसवला. घूं पुन्हा गेली आणि पुन्हा तेवढ्याच दिवसांनी परतली. तिसऱ्या वेळी मी ठरवलं की सोल्डरिंग गन हातात घ्यायच्या आधी मोजायचं. मोजल्यावर कळलं की कंडेन्सर तिन्ही वेळा निर्दोष होता. तो काढण्यासाठी मी बोर्डचा जो कनेक्टर उपसत होतो आणि परत दाबून बसवत होतो, त्या घासण्याने पिना थोड्या दिवसांपुरत्या साफ होत होत्या. दुरुस्ती होत होती ती कनेक्टरची, आणि तीही अर्धवट.

म्हणून हे लिहितोय. दुरुस्त केलेला हम परत येत असेल, तर संशय आधी जोडांवर घ्या, भागांवर नंतर.

आधी जीव, मग आवाज

यातली बरीच मोजमापं चालू मशीनवर करावी लागतात, त्यामुळे हे आधी. एका हाताने काम करा, दुसरा हात धातूला लागू देऊ नका, अंगठ्या आणि धातूचं घड्याळ काढून ठेवा. बऱ्याच जुन्या मॉनिटरची चॅसी (आतला सर्किट बोर्ड) थेट मेनच्या, म्हणजे भिंतीतल्या सॉकेटच्या, व्होल्टेजशी जोडलेली असते. असे मॉनिटर मेनपासून अलग ठेवणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवरच चालवायचे असतात. मधल्या काळात कुणी तो ट्रान्सफॉर्मर काढून टाकला असेल, तर हमचा विषय बाजूला ठेवा आणि आधी तो परत बसवा. पिक्चर ट्यूबच्या ॲनोडवर 20,000 व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि मशीन बंद केल्यावरही तो बराच काळ टिकतो. हम शोधायला तिथे हात घालायची गरज नाही.

मोठ्या फिल्टर कंडेन्सरवर व्होल्टेज कमी असतं, पण साठा मोठा असतो. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून तो शॉर्ट केला की ठिणगी उडते आणि टर्मिनल जळतात. 100 ओहमचा रोधक दोन्ही टोकांवर दहा-पंधरा सेकंद धरला की तो शांतपणे रिकामा होतो.

आणखी एक. हम घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. आवाज कधी कधी खरंच जातो. पण त्या क्षणापासून नाण्याचं धातूचं दार ही एक उघडी वायर होऊ शकते. हे करू नका, कुणी केलेलं दिसलं तर पूर्ववत करा.

आवाज नक्की कुठून येतोय

हा प्रश्न फार सोपा वाटतो, म्हणून लोक तो विचारत नाहीत. मशीन बंद करून स्पीकरची एक वायर सोडवा, मोकळं टोक टेपने झाका, मग मशीन चालू करा. घूं तशीच राहिली तर तिचा ऑडिओशी काही संबंध नाही. ती लोखंडातून येते आहे.

ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या मेनच्या तालावर सूक्ष्म ताणल्या जातात आणि थरथरतात. एवढ्यावर फारसं ऐकू येत नाही, पण ट्रान्सफॉर्मर लाकडी तळाला स्क्रूने घट्ट आवळलेला असतो, आणि ती लाकडी पेटी तबल्याच्या भांड्यासारखी घुमते. तळहात तळाच्या फळीवर ठेवा, थरथर बोटांना कळते. ट्रान्सफॉर्मरचे बोल्ट आवळणं आणि त्याच्या पायांखाली रबरी वॉशर घालणं यावर बहुतेक वेळा भागतं. मात्र ट्रान्सफॉर्मरच्या धातूला अर्थिंग त्या बोल्टमधूनच मिळत असेल, तर रबर घालताना अर्थिंगची वेगळी वायर जोडायला विसरू नका.

दुसरा लोखंडी संशयित म्हणजे वरच्या नावाच्या पाटीमागची ट्यूब. तिचा जुना लोखंडी चोक सैल झाला की चांगलाच घुमतो. ट्यूबचा पुरवठा सुटा करा, पाच सेकंदांत उत्तर मिळतं. मॉनिटरमधून येणारी बारीक, टोचणारी शीळ ही वेगळीच गोष्ट. ती 15,700 हर्ट्झच्या आसपासची, फ्लायबॅकची, म्हणजे मॉनिटरमधल्या उच्च दाबाच्या ट्रान्सफॉर्मरची. तिचा या लेखाशी संबंध नाही.

स्पीकर सोडल्यावर शांतता झाली, तर पुढे वाचा.

घूंचा सूर ओळखा

मेनची वारंवारिता काही देशांत 50 हर्ट्झ, काही देशांत 60. एसीचं डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर दोन्ही अर्धलहरी वापरतो, म्हणून त्याच्यानंतर उरलेली लहर दुप्पट होते, म्हणजे 100 किंवा 120. हा फरक कामाचा आहे. मेनच्याच वारंवारितेचा हम असेल तर काहीतरी बाहेरून शिरतंय: तुटलेलं शिल्ड, ट्रान्सफॉर्मरला खेटून गेलेली ऑडिओची वायर, व्हॉल्यूमच्या पॉटची (नॉबमागच्या बदलत्या रोधकाची) सुटलेली ग्राउंड, किंवा ब्रिजमधला एखादा उघडा पडलेला डायोड, ज्यामुळे ब्रिज अर्धाच चालतोय. दुप्पट वारंवारितेचा असेल तर तो पॉवर सप्लायमधून येतोय.

कानाने हे ठरवू नका. लहान स्पीकर 50 हर्ट्झ नीट वाजवतच नाही, आपल्याला ऐकू येतात त्याच्या वरच्या पटी. फोनवर आवाजाचा वर्णपट दाखवणारं कुठलंही ॲप घ्या, फोन जाळीजवळ धरा आणि सर्वांत डावीकडचा सुळका कुठे आहे ते पाहा. 50 चा सुळका अगदी बुटका असला तरी 150 आणि 250 वर सुळके दिसत असतील, तर मूळ 50 च आहे. नुसते 100, 200, 300 असतील तर मूळ 100. 60 हर्ट्झच्या मेनवर हाच हिशोब 60 आणि 120 ने करा. माझ्या मशीनवर पहिला सुळका 100 वर होता, त्याच्यामागे काटेरी कुंपणासारखी 200, 300, 400 ची रांग. आवाज गोल गुंजनासारखा नव्हता, त्यात खरखर मिसळलेली होती. त्या खरखरीचा अर्थ मला नंतर कळला.

मग व्हॉल्यूम. नॉब पूर्ण खाली न्या. हमही त्याच्याबरोबर खाली गेला, तर तो पॉटच्या आधी, खेळाच्या बोर्डवरच मिसळतोय. नॉब शून्यावर असूनही हम तेवढाच राहिला, तर तो ॲम्प्लिफायरच्या पुरवठ्यातून किंवा ग्राउंडमधून येतोय. आणि नॉब फिरवून काहीच कमी होत नसेल, खेळाचा आवाजसुद्धा सतत पूर्ण मोठा असेल, तर पॉटचा ग्राउंडचा पाय तुटलेला आहे. पॉट बहुधा नाण्याच्या दाराआड असतो, बोर्डपासून लांब, आणि तिथे प्रत्येकाचा हात पोचतो. तिथल्या वायरी ओढल्या जातात.

माझा हम नॉबला दाद देत नव्हता.

कंडेन्सरवर आरोप करण्याआधी

फिल्टर कंडेन्सरवर सगळ्यांचा पहिला संशय जातो, तो अगदी निराधार नाही. अटारीच्या कॅबिनेटमध्ये तळाशी जो मोठा निळा कंडेन्सर असतो, ज्याला संग्राहक ‘बिग ब्लू’ म्हणतात, तो सुमारे 27,000 मायक्रोफॅरडचा. अशा कंडेन्सरचं काम म्हणजे ब्रिजमधून येणाऱ्या प्रवाहाच्या दोन ठोक्यांच्या मधली दरी भरून काढणं. हिशोब सोपा आहे. 100 हर्ट्झला दोन ठोक्यांत 0.01 सेकंदाचं अंतर. बोर्ड 4 अँपिअर ओढत असेल, तर त्या वेळात व्होल्टेज 4 गुणिले 0.01 भागिले 0.027, म्हणजे साधारण दीड व्होल्ट खाली येतं. हे चांगल्या कंडेन्सरचं. वयाने त्याची धारिता निम्मी झाली की घसरण तीन व्होल्टची होते. व्होल्टेज 5 वर स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरला वर अडीच-तीन व्होल्टचं अंतर राखावं लागतं. दरी तेवढी खोल गेली की रेग्युलेटर प्रत्येक दरीच्या तळाशी हार मानतो आणि लहर पुढे निसटते.

तेव्हा मोजा. मल्टिमीटर एसीवर ठेवून कंडेन्सरच्या टोकांवर धरा. वरच्या उदाहरणातल्या दीड व्होल्टच्या करवतदात्याला मीटर साधारण 0.4 व्होल्ट एसी दाखवेल. एक व्होल्टच्या वर आकडा गेला तर कंडेन्सर दोषी असण्याची शक्यता मोठी. रेग्युलेटरनंतरच्या 5 व्होल्टवर मात्र एसी काही दहा मिलिव्होल्टच्या आतच हवं. इथे एक सापळा आहे. स्वस्त मल्टिमीटर एसीवर असतानाही डीसी मोजतात आणि भलताच आकडा दाखवतात. दोन्ही टोकं उलटी करून पाहा. आकडा बदलला किंवा शून्य झाला तर मीटर फसवतोय. लाल टोकाशी 0.1 मायक्रोफॅरडचा बिनध्रुवी कंडेन्सर मालिकेत लावा, डीसी अडतं आणि खरी लहर तेवढी दिसते.

माझ्या मोठ्या कंडेन्सरवर 0.38 व्होल्ट आलं. कंडेन्सर ठणठणीत.

खरंच खराब असेल तर बदला, वाद नाही. तेवढ्याच धारितेचा, व्होल्टेज तेवढंच किंवा थोडं जास्त. धारिता दुप्पट-तिप्पट करण्याचा मोह टाळा, कारण मोठा कंडेन्सर कमी वेळात जास्त मोठा घोट घेतो आणि ते ठोके ब्रिजला व जोडांना सोसावे लागतात. ध्रुव दोनदा तपासा.

जोड मोजायची रीत

माझ्या मशीनमध्ये ट्रान्सफॉर्मर आणि ब्रिज तळाशी आहेत, मोठा कंडेन्सर आणि ॲम्प्लिफायर भिंतीवरच्या रेग्युलेटर बोर्डवर. मधून वायरींचा जुडगा जातो, आणि बोर्डाकडच्या टोकाला नऊ पिनांचा पांढरा नायलॉनचा कनेक्टर आहे. म्हणजे कंडेन्सर भरणारा प्रत्येक ठोका त्या कनेक्टरमधून जातो. बोर्ड सरासरी 4 अँपिअर घेत असला, तरी ब्रिज प्रत्येक अर्धलहरीच्या शेंड्यावर थोडाच वेळ उघडतो, त्यामुळे ठोक्याचा शेंडा सहज 12-15 अँपिअरपर्यंत जातो.

आता समजा, एका पिनेत 0.05 ओहमचा रोध आलाय. मशीन बंद करून ओहमवर मोजलं तर काहीच दिसणार नाही, कारण मीटरच्या वायरींचाच रोध 0.2 ओहम असतो. मी पहिल्या दोन्ही वेळा बझर लावून सगळे जोड तपासले होते, सगळीकडे बीप वाजला होता. बीप फक्त एवढंच सांगतो की रस्ता आहे. रस्त्यात खड्डे किती ते सांगत नाही.

म्हणून जोड नेहमी चालू स्थितीत, त्याच्यातून प्रवाह जात असताना मोजायचा. मीटर डीसी मिलिव्होल्टवर. एक टोक कनेक्टरच्या मागून वायरच्या क्रिम्पला (वायरीवर चेपलेल्या धातूच्या टोकाला) लावायचं, दुसरं त्याच पिनेच्या बोर्डावरच्या सोल्डरला. म्हणजे एकाच जोडाच्या अलीकडे आणि पलीकडे. चांगला जोड 10-20 मिलिव्होल्ट दाखवतो. टोकं बारीक हवीत आणि हात स्थिर, शेजारच्या पिनेला स्पर्श झाला तर शॉर्ट होईल. हात थरथरत असेल तर मशीन बंद असताना पातळ क्लिप लावून घ्या आणि मग चालू करा.

धनाच्या पिनेवर 15 मिलिव्होल्ट आले. ग्राउंडच्या पिनेवर, मशीन थंड असताना, 60. दार उघडं ठेवून मी समोर बसून राहिलो. पाच मिनिटांनी 75, पंधरा मिनिटांनी 130, पंचवीस मिनिटांनी 210. आणि त्या आकड्याबरोबर घूंही चढत होती. मी इन्सुलेटेड पकडीने कनेक्टर हलकेच एका बाजूला दाबला. आकडा 40 वर आला, घूं जवळजवळ नाहीशी झाली. सोडला, दोन्ही परत वर.

210 मिलिव्होल्ट भागिले 4 अँपिअर, म्हणजे 0.05 ओहमच्या जवळ. ठोक्यांच्या हिशोबाने त्या एकट्या पिनेत दोन-तीन वॅट उष्णता होत होती. म्हणून ती तापत होती, तापून तिची स्प्रिंग आणखी ढिली होत होती, ढिली झाल्याने आणखी तापत होती. कनेक्टर काढून उजेडात धरला, तर आठ खाचा दुधी पांढऱ्या आणि एक कडेने चहाच्या डागासारखी तपकिरी. इतके दिवस तो डाग माझ्या डोळ्यांसमोर होता.

घूं स्पीकरपर्यंत पोचत होती ती अशी: खराब पिनेमुळे तळाकडची ग्राउंड आणि बोर्डची ग्राउंड एका पातळीवर राहत नव्हत्या, प्रत्येक ठोक्याला त्यांच्यात उडी पडत होती. पॉटची ग्राउंड माझ्या मशीनमध्ये तळाकडून येते. ॲम्प्लिफायर त्या उडीलाही आवाजच समजतो. त्या काळच्या टीडीए2002 सारख्या चिपची वाढ नेहमीच्या मांडणीत शंभरपट असते, म्हणून उडीचा अगदी लहान अंशही पुरतो. आणि उडी टोकदार असल्यामुळे सुळक्यांची ती काटेरी रांग, तीच ती खरखर. कंडेन्सर खरोखर कमजोर झाला की हम सहसा जास्त गोल असतो. हा फरक एकदा कानात बसला की पुढच्या वेळी फार उपयोगी पडतो.

दुरुस्ती, आणि ती टिकवणं

पिना पॉलिश पेपरने घासू नका. वरचा टिनचा पातळ थर निघून जातो, खालचं पितळ उघडं पडतं आणि काही आठवड्यांत पहिल्यापेक्षा जास्त काळं होतं. कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून दोन-तीनदा लावणं-काढणं हे निदानापुरतं ठीक, इलाज म्हणून नाही. एकदा तापून स्प्रिंग गेलेली मादी पिन परत कडक होत नाही, ती बदलायचीच. तिच्या जोडीची नर पिनही बदला. खडबडीत झालेली जुनी नर पिन नव्या मादीला महिन्याभरात खराब करते. मी नऊच्या नऊ पिना दोन्ही बाजूंनी बदलल्या, त्या पिनेच्याच मापाच्या क्रिम्पिंगच्या पकडीने. साध्या पकडीने चेपून वर सोल्डर ओतणं टाळा, सोल्डर वायरीत वर चढतं, वायर ताठ होते आणि नेमकी त्या ताठ टोकाला तुटते.

बोर्डवरचं सोल्डरही भिंगाखाली पाहा. पिनेभोवती अंगठीसारखी बारीक काळी रेघ दिसली तर ते ड्राय सोल्डर, म्हणजे तडकलेला जोड. जुनं सोल्डर पूर्ण ओढून घ्या, नवं घाला. माझ्या त्या ग्राउंड पिनेखाली अर्धवर्तुळभर अशी रेघ होतीच.

दुसऱ्या प्रकारच्या मशीनवर

1985 नंतरच्या जामा (JAMMA) या आर्केड बोर्डांच्या प्रमाणित वायरिंगमध्ये 56 टोकांचा एज कनेक्टर असतो आणि ग्राउंडच्या पिना दोन्ही टोकांना असतात. एका टोकाच्या ग्राउंड पिना काळ्या पडल्या तरी खेळ दुसऱ्या टोकावर चालू राहतो, फक्त हम वाढतो. तिथेही हीच मिलिव्होल्टची रीत. पण एक सावधगिरी: बऱ्याच बोर्डांवर स्पीकरची ऋण वायर ग्राउंड नसते, ॲम्प्लिफायर दोन्ही बाजूंनी स्पीकर चालवतो. हम घालवायला ती वायर ग्राउंडला जोडली तर चिप जळेल.

कुणी नंतर वेगळा ॲम्प्लिफायर किंवा दुसरा पॉवर सप्लाय बसवला असेल, तर ग्राउंडचे दोन रस्ते होऊन वळसा पडलेला असू शकतो. सगळ्या ग्राउंड एका बिंदूवर आणा, ऑडिओची शिल्डेड वायर वापरा आणि तिचं शिल्ड फक्त एकाच टोकाला जोडा.

लिनियर सप्लाय काढून स्विचिंग सप्लाय बसवावा का, हे हमखास विचारलं जातं. त्याने 100 हर्ट्झची घूं बहुधा जाते. पण तपकिरी पिन तिथेच राहते, आणि हम गेल्यामुळे तिच्याकडे कुणी बघत नाही. आधी जोड नीट करा. त्यानंतरही सप्लाय बदलावासा वाटला तर बदला.

हमबरोबर पडद्यावर चित्र वाकवणारी आडवी पट्टी सरकत असेल, तर मॉनिटरचा स्वतःचा फिल्टर कंडेन्सरही तपासायला हवा. पट्टीचा वेग काही सांगतो: पॅक-मॅनचं चित्र सेकंदाला 60.6 वेळा रंगतं, म्हणून 60 हर्ट्झच्या मेनवर पट्टी सावकाश तरंगत जाते आणि 50 हर्ट्झवर चित्र भराभर थरथरल्यासारखं दिसतं. मॉनिटरच्या चॅसीवर काम करायचा सराव नसेल तर ते काम जाणत्याकडे द्या.

पिना बदलून आता चौदा महिने झाले. नाण्याच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला आहे. दर दोन महिन्यांनी मशीन अर्धा तास चालवून त्या एका पिनेवरचा आकडा त्यावर लिहितो. पहिली नोंद 12 मिलिव्होल्ट, गेल्या आठवड्यातली 13.